बाहुल्यांचा सिनेमा मोठ्यांनीही परत बघावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नाताळच्या सुट्टीत मुलांसोबत बघायच्या सिनेमांची यादी होती. त्यात 'द मपेट ख्रिसमस कॅरोल'चं नाव बघून खूप आनंद झाला, पण पुढे फक्त 'लहान मुलांसाठी, बाहुल्यांचा सिनेमा' एवढंच लिहिलं होतं आणि ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. आमच्याकडे हा सिनेमा डिसेंबरात लागतोच, मुलं आता कॉलेजात गेली तरी लागतो, आणि दर वेळी कोणीतरी 'अरे थांब थांब, मागे घे' म्हणून रिमोट हिसकावून घेतं कारण काहीतरी नवीन दिसलेलं असतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोष्ट चार्ल्स डिकन्सची, 1843 सालची, कंजूष आणि माणूसघाण्या म्हातारा स्क्रूज, नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य अशी तीन भुतं येतात आणि सकाळपर्यंत तो बदलतो. सिनेमा 1992 चा. स्क्रूज झालाय मायकल केन, त्याच्याभोवती बहुतेक सगळे मपेट्स, म्हणजे जिम हेन्सन या अमेरिकी कलाकाराने निर्माण केलेल्या, हाताने चालवायच्या बाहुल्या. कर्मिट बेडूक त्याचा गरीब कारकून बॉब क्रॅचिट, मिस पिगी त्याची बायको, आणि गॉन्झो चक्क डिकन्स बनून गोष्ट सांगतो, सोबत रिझो नावाचा खादाड उंदीर.

पहिल्यांदा बघताना साहजिकच नजर बाहुल्यांवर असते. गाणारे उंदीर, गाणाऱ्या भाज्या, हसून हसून पुरेवाट. पण नंतर कधीतरी बाहुल्या सोडून फक्त मायकल केनकडे बघा. हा माणूस एकदाही प्रेक्षकांकडे बघून 'बघा मी बाहुल्यांशी बोलतोय' असं सुचवत नाही. त्याने ही भूमिका रॉयल शेक्सपिअर कंपनी या इंग्लंडमधल्या नाटक कंपनीत काम करतोय असं समजूनच केली, हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि ते प्रत्येक सीनमध्ये दिसतं. कर्मिट हळूच म्हणतो की उद्या नाताळ आहे, सुट्टी मिळेल का, तेव्हा केन त्याच्या डोळ्यांत बघून असा काही तडकतो की समोर कापडाचा बेडूक आहे हे आपण विसरतो. सगळ्यात पहिला कर्मिट 1955 मध्ये जिम हेन्सनने आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून केला होता आणि डोळे म्हणजे पिंगपाँगच्या बॉलचे दोन अर्धे, आता असल्या डोळ्यांत बघून खरंखुरं चिडायचं, आणि शेवटी खरंखुरं रडायचं, हे किती अवघड आहे याचा विचार करा. बाहुली जिवंत वाटते त्यात हात घालणाऱ्याचा वाटा असतोच पण समोरच्या नटाचाही तेवढाच असतो, हे मला या सिनेमामुळे कळलं.

बरं केन चालतो कसा हेही बघा. शेपर्टन स्टुडिओत सेट लावले तेव्हा पपेटवाल्यांना खाली उभं राहता यावं म्हणून ठिकठिकाणी जमीनच काढून टाकली होती आणि केनला मधल्या अरुंद फळ्यांवरून चालावं लागायचं. आजूबाजूला खड्डे, खड्ड्यांत हात वर करून उभी असलेली माणसं, आणि हा वर ताठ मानेने, शहरातला सगळ्यात खडूस सावकार असल्यासारखा चालतोय. हे माहीत झाल्यावर मी त्याचे ऑफिसमधले सीन बघते तेव्हा नजर आपोआप टेबलांच्या खालच्या कडेला जाते.

आता बारीकसारीक गोष्टी. सुरुवातीला बीन बनी नावाचा छोटा ससा दारात गाणं म्हणायला येतो आणि स्क्रूज त्याला हाकलून वर हार फेकून मारतो, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण नंतर रात्री रस्त्यावर बर्फात, अंगाला पेपर गुंडाळून, कुडकुडत बसलेला तोच ससा असतो, काही सेकंदांचा शॉट आहे, कोणी काही बोलत नाही. आणि शेवटी सकाळी स्क्रूज खिडकीतून टर्की आणायला सांगतो तोही त्यालाच. म्हणजे या एवढ्याशा सशाची अख्खी गोष्ट सिनेमाच्या कोपऱ्यात चालू आहे आणि मुख्य गोष्टीत गुंतलेलं असलं की ती निसटते. तसाच तो लाल मफलर. स्क्रूज गरिबांसाठी पैसे देतो तेव्हा बीकर, तो ज्याला फक्त मी मी असा आवाज काढता येतो, गळ्यातला मफलर काढून त्याला देतो, आणि पुढे स्क्रूज तो घालूनच सगळीकडे फिरतो. इतका वेळ ज्याच्या अंगावर काळं करडं सोडून काही बघितलं नाही त्याच्या गळ्यात लाल. माझ्या धाकट्याने हे पहिल्यांदा दाखवलं, मी आपली गाण्यात रमले होते.

शेवटाकडे रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्याही वाचा, एकीवर मिकलव्हाइट लिहिलंय. मायकल केनचं जन्माचं आडनाव मिकलव्हाइट!

भुतांबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. भूतकाळाचं भूत म्हणजे एक लहान मुलगी आहे आणि तिचे कपडे, केस सतत तरंगत असतात, कुठलीच गोष्ट खाली लोंबत नाही. मला वाटायचं कॉम्प्युटरची करामत. ते पपेट पाण्याच्या टाकीत बुडवून वेगळं शूट केलंय आणि मग सीनमध्ये बसवलंय. वर्तमानाचं भूत दाढीवाला, आनंदी, अवाढव्य माणूस, तो एका दिवसापुरताच असतो म्हणून त्याचे केस हळूहळू पांढरे होत जातात, हे तर आमच्याकडे बरीच वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि क्रेडिट्स वाचताना कळलं की त्याचा आवाज आणि आजारी छोट्या टायनी टिमचा आवाज एकाच माणसाचा, जेरी नेल्सनचा. म्हणजे हा मुलगा वाचेल का असं स्क्रूज विचारतो आणि भूत त्यालाच त्याचे सकाळचे क्रूर शब्द परत ऐकवतं, मरायचंच असेल तर मरू दे, तेवढीच जादाची लोकसंख्या कमी होईल, तेव्हा ते म्हणणारा आणि तो मुलगा झालेला कलाकार एकच. हे समजल्यावर तो सीन मला पहिल्यासारखा बघता आलेला नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. या सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत आणि तुमच्या वाचकांना कोणती बघायची हे सांगायला हवं होतं. स्क्रूज तरुण असताना त्याची बेल नावाची वाग्दत्त वधू, मेरेडिथ ब्रॉनने केलीय, त्याला सोडून जाते. तिथे एक पूर्ण गाणं होतं. पॉल विल्यम्सची सगळीच गाणी सुंदर आहेत पण हे वेगळंच. बेल गाते, तरुण स्क्रूजला काही फरक पडत नाही, आणि म्हातारा स्क्रूज, जो तिला दिसत नाही, तिच्याजवळ उभा राहून तिच्यासोबत गायला लागतो आणि त्याचा गळा दाटून येतो. थिएटरमध्ये आला तेव्हा हे गाणंच कापलेलं होतं, लहान मुलं कंटाळतील म्हणून. व्हीएचएस कॅसेटवर होतं, मग नंतरच्या बऱ्याच कॉप्यांमधून परत गायब, आणि मूळ निगेटिव्हच सापडत नाही म्हणत होते. ती शेवटी सापडली आणि 2022 च्या डिसेंबरात पूर्ण सिनेमा डिस्ने प्लसवर आला.

गाणं नसलेली कॉपी लावली तर काय होतं बघा. बेल दोन वाक्यं बोलते, निघून जाते आणि एकदम कॅमेरा रिझोवर, तो गॉन्झोच्या खांद्यावर हुंदके देऊन रडतोय. आमच्या मुलांनी लहानपणी हमखास विचारायचं की हा उंदीर एवढा का रडतोय, आणि आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. तो त्या गाण्यासाठी रडतोय! गाणं काढलं पण रडणं राहिलं. आणि एवढ्यावर थांबत नाही, अगदी शेवटी सगळे जेवायला जमतात तेव्हा स्क्रूज जे गातो ती त्याच गाण्याची चाल आहे, तेव्हा प्रेम गेलं म्हणून होती आता सापडलं म्हणून आहे. पहिलं गाणं ऐकलंच नसेल तर शेवटचं नुसतं गोड गाणं वाटतं. दोन्ही ऐकली की समजतं की हा माणूस इतक्या वर्षांनी तिला उत्तर देतोय. मुलं कंटाळतील हे मला मान्यच नाही, माझी भाची सहा वर्षांची, पूर्ण गाणं गप्प बसून बघितलं आणि मग विचारलं की ती परत आली का. नाही आली, असं सांगितलं. मुलांना असं खरं सांगितलेलं चालतं.

आणि अजून एक, सगळ्यात जास्त आत लागणारं. जिम हेन्सन, ज्याने हे सगळं जग उभं केलं, तो 1990 च्या मे महिन्यात अचानक गेला. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं काम करणारा रिचर्ड हंट 1992 च्या जानेवारीत गेला. हा त्यानंतरचा मपेट्सचा पहिला मोठा सिनेमा, दिग्दर्शक जिमचा मुलगा ब्रायन, त्याचाही पहिलाच, आणि सिनेमा त्या दोघांच्या स्मृतीला अर्पण केलाय. कर्मिटमध्ये इतकी वर्षं जिमचा हात आणि जिमचा आवाज होता, इथे तो स्टीव्ह व्हिटमायरचा आहे. हे सगळं माहीत असताना भविष्यातला तो सीन बघा, टायनी टिम गेलाय, त्याची कुबडी तशीच ठेवलीय, आणि कर्मिट घरच्यांना म्हणतो की आयुष्य म्हणजे भेटी आणि ताटातुटी, ते तसंच असतं, पण आपल्यातली ही पहिली ताटातूट आपण कधी विसरणार नाही. पहिल्यांदा बघताना हे एका बापाचं बोलणं वाटतं. आता मला त्या सेटवर फळ्यांखाली उभे असलेले सगळे दिसतात, ज्यांनी आपला माणूस नुकताच गमावला होता आणि त्याच्याच बेडकाच्या तोंडून हे ऐकत होते. त्या सीनमध्ये गॉन्झो आणि रिझोही नाहीत, ते भविष्याच्या भुताला घाबरून आता शेवटाला भेटू म्हणून पळून गेलेले असतात, म्हणजे मधे विनोद करायलाही कोणी नाही, हेही मला खूप उशिरा लक्षात आलं.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका, आपल्याकडे तर पुढच्याच वर्षी, 1993 ला, 'झपाटलेला' आला. तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि बाहुली रामदास पाध्येंची, हे निदान आमच्या पिढीला पाठ आहे, पण परत बघताना तात्याला सोडून लक्ष्याकडे बघितलंय का कोणी? लक्ष्मीकांत बेर्डे त्या बाहुलीला किती मनापासून घाबरतो! ती भीती खोटी वाटली असती तर तात्या विंचू खेळण्यातला बाहुला म्हणूनच राहिला असता. मायकल केनबद्दल जे म्हणते तेच इथे. आणि पाध्येंच्या घरात तर वडील य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव आहे, एक बाहुला बापाकडून मुलाकडे आला आणि बोलतच राहिला, ब्रायन हेन्सनची गोष्ट ऐकून मला पहिल्यांदा तेच आठवलं होतं. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे कलाकार अजून कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी सांभाळून आहेत, तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पेपरात बातमी आली, नंतर कुठे काही वाचलं नाही.

म्हणून संपादक महोदय, दोन विनंत्या आहेत. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा बाहुल्यांच्या सिनेमासमोर दिग्दर्शक आणि हिरोसोबत बाहुल्या कोणी चालवल्या त्यांचीही नावं द्या, फार तर एक ओळ जास्तीची लागेल. आणि या सिनेमाबद्दल परत लिहिलंत तर गाणं असलेली पूर्ण आवृत्तीच बघा असं स्पष्ट लिहा. डिस्नेच्या ॲपवर नुसतं प्ले केलं तर कापलेलीच सुरू होऊ शकते, पूर्ण आवृत्ती त्याच सिनेमाच्या पानावर एक्स्ट्राजमध्ये शोधावी लागते, आणि हे माहीत नसल्याने आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी यंदाही ते गाणं न बघताच सिनेमा संपवला.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली