ओल्या घाटात 'फोर-हाय' कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की ताम्हिणी, वरंध, माळशेज घाटांत थार, जिमनी, गुरखा या फोर बाय फोर गाड्यांची रांग लागते आणि पहिल्या वळणाआधीच काहीजण लिव्हरने 'फोर-हाय', म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी स्थिती, लावून मोकळे होतात. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी रस्ता धरून राहते, हा समज डांबरी रस्त्यावर घातक आहे.

या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, नसतो. फोर-हाय लावताच दोन्ही ॲक्सलना ताकद नेणारे दोन प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाला बांधले जातात. वळणावर पुढची चाके मात्र मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात टायर थोडे घसरून हा फरक पचवतात, डांबरावर तो ताण होऊन साठतो. स्टिअरिंग जड होते, गाडी ब्रेक दाबल्यासारखी अडते. ओल्या डांबरावर हाच ताण अवचित सुटला, तर पुढची चाके वळणाबाहेर सरकतात. लिव्हर टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) येईनासा झाला तर हिसडू नका. चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, सुटतो.

एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये मात्र डिफरेन्शियल असतो; तो बंद करून दोन्ही चाके एकाच वेगाला बांधणाऱ्या डिफरेन्शियल लॉकला तर याहून जपायला हवे. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणून एक चाक अधांतरी लटकले की जमिनीवरचेही लुळे पडते. तिथे लॉकला तोड नाही. पण पूर्ण उलट फिरवणाऱ्या वळणावर, चाकांत दीड मीटर अंतर असेल तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर, म्हणजे जवळपास दोन फेरे जास्त घ्यावे लागतात. मागचा लॉक ते होऊ देत नाही, गाडी नाकासमोर ढकलली जाते. पुढचाही लावला असेल तर स्टिअरिंग फिरवणेच अवघड. आडव्या, शेवाळलेल्या उतारावर लॉकमुळे दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडीची मागची बाजू दरीकडे घसरते. लॉक नसता तर एक चाक तरी टेकून राहिले असते.

गुरख्यातले लॉक चालकाने स्वतः लावायचे असतात. ते अडथळ्याआधी, गाडी थांबवून लावावेत. चाक गरगर फिरत असताना लावले तर ॲक्सल शाफ्ट तुटू शकतो. अडथळा सरळ पार करा, लॉक काढा, डॅशबोर्डवरचा दिवा विझल्यावरच वळा.

राहिला ब्रेक. चारही चाकांना ब्रेक तर साध्या गाडीतही असतात, फोर बाय फोरमुळे गाडी लवकर थांबत नाही. त्यापेक्षा टायर तपासा. पुढे नवे आणि मागे झिजून घेराने लहान झालेले असतील, तर फोर-हायमध्ये सरळ रस्त्यावरही ताण साठतो.

— एक वाहन तंत्रज्ञ, पुणे