बक्षिसाचे आकडे छापलेत, कराराचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'गेमिंग : करिअरचं नवं मैदान' हा आपल्या पुरवणीतला लेख काल वाचला. घरात दोनदा मोठ्याने वाचला आणि रात्री झोप लागली नाही. लेखात बक्षिसाचे आकडे सात ठिकाणी आले आहेत, मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. पगार हा शब्द एकदाही नाही. करार हा शब्दही नाही.

माझा मुलगा पब्जी खेळला आहे, मोबाइलवर संघ करून लढायचा खेळ. नुसता वेळ घालवायला नाही, चौघांच्या संघात तो आयजीएल, म्हणजे खेळातला कप्तान होता. कुठे उतरायचं, कोणत्या घरात दबून बसायचं, झोन, म्हणजे नकाशावरची सुरक्षित जागा, आकसला की कुठल्या बाजूने शिरायचं, हे चौघांच्या वतीने ठरवणारा. रात्री नऊ ते एक स्क्रिम्स, म्हणजे सरावाचे सामने, चालायच्या. त्याची आई ताट झाकून ठेवायची. मी सुरुवातीला ओरडलो, पण नंतर शेजारी बसून पाहिलं, तेव्हा डोकं किती चालवावं लागतं ते कळलं. म्हणून या खेळाला नावं ठेवायला हे पत्र नाही.

आपण लिहिता की मेहनत केली तर संधी आहे. मेहनतीचा हिशेब मी सांगतो. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. एका संघमालकाने मुलाला महिना बारा हजार कबूल केले, तोंडी. फोन मात्र चांगला पाहिजे म्हणाला. मी एसटीत यांत्रिकी कामगार आहे. संप मिटून जेमतेम तीन महिने झाले होते, घरात उधारी होती. तरी पतसंस्थेतून पैसे उचलले आणि २८ जुलै २०२२ ला, गुरुवारी, आम्ही सांगलीला जाऊन बत्तीस हजारांचा जुना आयफोन घेतला. त्याचा आधीचा फोन दुकानदाराला एक्सचेंजमध्ये दिला. रात्री घरी येऊन पोरगं गेम डाउनलोड करायला बसलं, तर स्टोअरमध्ये गेमच नाही. त्याच संध्याकाळी तो काढून टाकला होता. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता त्यांचा पुढे काही काळ चालला. आमचा तो फोन दुकानात राहिला होता. सकाळी पहिल्या गाडीने गेलो, दुकानदाराने तोवर त्यातलं सगळं पुसून टाकलं होतं. मुलगा दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. एकोणीस वर्षांच्या पोराला तसं बसलेलं मला आजही आठवतं.

स्पर्धा थांबल्या. बारा हजार फक्त दोन महिने मिळाले होते, तिसऱ्या महिन्यापासून मालक फोन उचलेना. हातात कागद नव्हता, मग भांडणार कशावर? गेम परत आला मे २०२३ मध्ये, दहा महिन्यांनी. तोवर संघ फुटला होता आणि मी हप्ते भरत होतो.

कबड्डीचं मैदान एका गावात बंद पडलं तर पोरं दुसऱ्या गावात खेळतात. कबड्डी कुणाच्या मालकीची नाही. हा खेळ कंपनीच्या मालकीचा आहे. कंपनीने थांबवला किंवा सरकारने काढला की खेळाडूची सगळी कमाई त्याच दिवशी थांबते. आणि ही वर्षं अठरा ते बावीसचीच असतात, ती मागून मिळत नाहीत. करिअरच्या लेखात ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात यायला हवी होती.

आपण एक कोटीच्या बक्षिसाची चौकट टाकली आहे. ती रक्कम अख्ख्या स्पर्धेची असते. ती संघासंघांत वाटली जाते, मग मालकाचा हिस्सा, प्रशिक्षक, कर, आणि उरलेल्याचे चार वाटे. लेखातल्या एशियाडच्या पदकाचंही तसंच. भुजच्या तीर्थ मेहताने २०१८ ला जकार्तात हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये ब्राँझ मिळवलं, त्याचं कौतुक आहेच. पण तेव्हा ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, हा प्रात्यक्षिक खेळ होता, ते पदक अधिकृत तक्त्यात धरलं गेलं नाही. आपण ते लिहिलं नाही.

आणि जिथे खरंच नोकऱ्या आहेत त्यावर एक ओळ नाही! माझा मुलगा आज पुण्यात ऑब्झर्व्हर आहे. नकाशावर सोळा संघांची चौसष्ट पोरं एकाच वेळी खेळत असतात, प्रेक्षकाला पडद्यावर एका वेळी एकच लढत दिसते. कुठली दाखवायची हे तो ठरवतो. गोळी सुटायच्या आधी त्याला ओळखावं लागतं की आता या टेकडीमागे दोन संघ भिडणार. आयजीएल म्हणून घालवलेल्या रात्री तिथे कामी आल्या. सात तारखेला पगार खात्यात येतो, नेमणुकीचं पत्र आमच्या कपाटात आहे. असंच काम समालोचकांना आहे, ग्राफिक्सवाल्यांना आहे, स्पर्धेचे सर्व्हर आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना आहे. या मुलांशी आपला प्रतिनिधी बोलला असता तर आमच्यासारख्या आईबापांना उपयोग झाला असता.

गावात अजून लोक विचारतात, तुमचं पोरगं रमी खेळतं का? ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांवरचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढले, हेही लेखात नीट समजावलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. आमची मान खाली जाते ती अशा वाक्यांमुळे.

माझी विनंती आहे की याच जागेवर, एवढ्याच मोठ्या अक्षरांत, करारात काय असावं ते छापा : महिन्याचे पैसे किती, बक्षिसातला वाटा किती, फोन कुणाचा, आणि गेम बंद पडला तर पुढे किती महिने पैसे मिळणार. पोराची सही घेण्याआधी बापाने काय विचारायचं, तेही छापा.

जाता जाता आणखी एक. रविवारची पुरवणी आमच्याकडे तीन महिन्यांपासून सोमवारी येते. पेपरवाला म्हणतो, वरूनच गठ्ठा उशिरा येतो. पैसे आम्ही रविवारचेच देतो, तेव्हा ती रविवारी मिळेल असं पाहावं.

आपला,
एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली