डॉक्टरताई, कान टोचल्याबद्दल आभार

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वासराची दोरी मी स्वतः वाकून खुंट्याला बांधली. बायको शेणाची पाटी घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. तिने पाटी खाली ठेवली आणि नुसती बघत राहिली. तेव्हाच ठरवलं, ताईंना पत्र लिहायचं.

चोपडा तालुक्यात केळी लावणाऱ्याला कंबर म्हणजे काय ते सांगायला नको. वीस-बावीस किलोचा घड खांद्यावर घ्यायचा, चिखलातून बांधापर्यंत यायचं, पुन्हा आत जायचं. वीस वर्षं हेच केलं. मग चार वर्षं पट्टा, मलम, गोळ्या. गोळ्यांनी पित्त वाढलं, कंबर तशीच. एमआरआय झाला, ‘मणक्यात गॅप आहे’ असं एकाने सांगितलं आणि त्या एका शब्दाने मी घाबरून खाटेवरच बसलो. कुणी विचारलं की एकच उत्तर, “मनी कंबर भलती दुखस.” लोकांनी विचारायचंच सोडून दिलं.

तुमच्याकडे ॲक्युपंक्चरला, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराला, आलो तेव्हा वाटलं, बसलो की सुया टोचून मोकळं करतील. तुम्ही तर आधी उलटतपासणीच घेतली. लघवी अडते का, मांड्यांच्या आतून बधिरपणा आहे का, वजन उतरलंय का, रात्री ताप येतो का. गुडघ्यावर हातोडी मारली, पायाचा अंगठा वर उचलायला लावला. यातलं काही निघालं असतं तर सुई न लावता थेट जळगावला पाठवलं असतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

कंबर दुखते आणि सुई कानात, हे काही केल्या डोक्यात शिरेना. तुम्ही भिंतीवरचं चित्र दाखवलंत: कान म्हणजे उलटं निजलेलं बाळ, पाळीकडे डोकं, आतला उंचवटा म्हणजे पाठीचा कणा. फ्रान्समधल्या ल्यों शहरात पॉल नोजिए नावाच्या डॉक्टरांकडे कानावर डाग असलेले पेशंट यायचे. मांडीतून पायात जाणारी कळ थांबावी म्हणून एका बाईने त्यांच्या कानाला चटका दिलेला असायचा. त्यावरून १९५० च्या दशकात त्यांनी हा नकाशा मांडला. मला तर आमचे आजोबाच आठवले, त्यांच्या कमरेवर बिब्ब्याचा डाग शेवटपर्यंत होता. हे ऐकून तुम्ही हसलात, पण लगेच म्हणालात, “बिब्बा मात्र लावायचा नाही हं, कातडी भाजते.”

मग बोथट सळईने तुम्ही कान दाबत गेलात. वरच्या बाजूला, उंचवट्याला फाटा फुटतो त्याच्या जवळ, एका जागी मी खुर्चीतून उडालोच. तिथे तिळाएवढी सुई बसवली, वर छोटी चिकटपट्टी. आणि म्हणालात, “उठा, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारा.” कान तापला होता. तिसऱ्या फेरीला माझा हात कमरेवरून आपोआप सुटला. सुई तीन-चार दिवस राहू द्या, लाल झालं किंवा ठणकलं तर काढून टाका, हेही तुम्ही दोनदा बजावलंत.

आभार खरं तर पुढच्या गोष्टीसाठी आहेत. दोन दिवसांनी कळ परत आली. मी तणतणत आलो, तर तुम्ही जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचं सांगितलंत, २००७ साली छापून आलेल्या. कंबरदुखीचे ११६२ रुग्ण, आणि सुया कानात नव्हे, अंगावर. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी शंभरातल्या सुमारे ४८ जणांना बरं वाटलं, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी ४४ जणांना, आणि नेहमीच्या उपचारांनी २७ जणांना. मी विचारलं, “मग माझ्या सुया कुठल्या, खऱ्या की खोट्या?” तुम्ही म्हणालात, “खऱ्या. पण त्या तुम्हाला उठवून उभं करण्यापुरत्या. पुढचं चालायचं तुम्ही.” स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. आम्हीसुद्धा व्यापाऱ्यापुढे केळीचा डागी फणा खालीच ठेवतो.

सहा आठवडे येत राहिलो. पहाटे पाटचारीच्या कडेने अर्धा तास चालणं, रात्री उताणं झोपून कंबर उचलायचा व्यायाम, आणि बागेत घड आता दोघांनी मिळून उचलायचा. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पाऊस धरला की आठवण करून देतं. पण गोळी महिन्यातून एखादीच. सुईने किती केलं आणि चालण्याने किती, हे तुम्हीही सांगत नाही, मीही विचारत नाही. आई मात्र म्हणते, “घरचे चार वर्षं हेच सांगत होतो. याला सोनारानेच कान टोचायला हवे होते.” तुमच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी ठरली, काय बोलणार!

बाग आता निसवायला लागली आहे. पहिला घड उतरला की तुमच्या दवाखान्यात येईल. घाबरू नका, उचलून भाचा आणेल. मी मागून मोकळ्या हाताने चालत येतो.

आपला,
डाव्या कानाला अजून खूण असलेला एक केळीवाला