तुझा इन्स्पेक्टर आणि केळीचा चीक

अमळनेर

प्रिय भाऊ,

तुझ्या कादंबरीचं बाड मिळालं आणि हातातली कामं बाजूला सारून वाचून काढलं. फार आवडली. म्हणूनच जे खटकलं तेही मोकळेपणाने लिहितोय.

तुझा इन्स्पेक्टर मला पहिल्या पानापासून खरा वाटला. बायको-पोरं नाशिकला, हा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात क्वार्टरमध्ये एकटा, खाणावळीचा डबा, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. पण पुढे पानंच्या पानं तू त्याची बाटली मोजत बसलास. दारू पिणारा पोलीस वाचकाने पुष्कळ पाहिलाय रे! त्याचं खरं दुखणं तू एका ओळीत उरकलंस: आधीच्या ठाण्यात विहिरीत सापडलेली ती सून, आणि त्याने लावलेली अकस्मात मृत्यूची नोंद. कादंबरीचा जीव तिथे आहे. तो पंचनामा मला सबंध वाचायचाय. पंच कोण होते? सासऱ्याच्याच भाऊबंदकीतले? मुलीचा बाप आवारात उभा असताना याने कागदावर काय लिहिलं, काय गाळलं? आणि तिच्या लग्नाला आठ-नऊ वर्षं झालेली दाखव. सात वर्षांच्या आतलं असतं तर चौकशी दंडाधिकाऱ्याकडे गेली असती, मग सगळा भार याच्या एकट्याच्या मनावर राहिला नसता.

अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या कादंबऱ्यांचा तुझ्यावर प्रभाव आहे, ते कळतं. पण तिकडचा पोलीस चीफ बहुतेक ठिकाणी गावच्याच मंडळींनी नेमलेला असतो, त्यांच्याशी त्याचं भांडण घरातलं. आपला साहेब बदलीवर येतो, बदलीवर जातो. त्याला अहिराणी नीट कळत नाही. ठाण्यातला जुना हवालदार मात्र प्रत्येक घराची सोयरीक जाणतो, आणि कुणाचं नाव कधी सांगायचं हे तोच ठरवतो. तुझ्या हवालदाराला तू नुसता चहा आणायला ठेवलंयस. त्याला बोलू दे.

आता गुन्ह्याचं. रात्रीत कुणीतरी केळीची बाग कापून टाकतं आणि सकाळी बांधावर बागाईतदाराचं प्रेत सापडतं, ही सुरुवात अस्सल आपल्याकडची. जुन्या वैरातून उभी बाग आडवी केल्याच्या बातम्या रावेर-यावलकडून येतच असतात. पण एवढी बाग कापणाऱ्याच्या अंगावर चीक उडणारच, त्याचं तू काहीच केलं नाहीस! सावद्याला मामांच्या मळ्यात माल काढायला घालायचे कपडे वेगळेच असायचे, कारण केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की तपकिरी, काळपट पडतो. मामी ते कपडे कितीही घासायची, डाग तसाच. तुझा खुनी रात्री कंदिलाच्या उजेडात शर्ट पाहील, स्वच्छ आहे म्हणून खुंटीला अडकवील. आणि हे बाहेरून आलेल्या साहेबाला ठाऊक नसेल, हवालदाराला असेल. तो ते लगेच सांगतो की चार दिवस गप्प बसतो, यावर तुझी मधली शंभर पानं उभी राहतील. बाटलीची गरजच पडणार नाही.

एक तांत्रिक गोष्ट. तुझी कथा 2025 च्या उन्हाळ्यातली, मग फिर्यादीत 302 कसं? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, खुनाला कलम 103. लोकांच्या तोंडी अजून तीनशे दोनच आहे, ते संवादात राहू दे. कागदावर मात्र बदल.

शेवटी त्याला पदक देऊ नकोस. त्या मुलीच्या बापाला भेटायला तो जातो की नाही, एवढं मला कळायला हवं.

दुरुस्त प्रकरणं आली की लगेच पाठव, पोस्टाने पाठवलीस तरी चालेल, मला कागदावर वाचायला आवडतं. आणि थंडीत भरिताची वांगी निघाली की इकडेच ये. मळ्यात भरीत-पुरी करू, रात्रभर बसून या साहेबाचं काय करायचं ते ठरवू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच मित्र