आधी नळ द्या, मग नमुना घ्या : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की हातगाड्यांची तपासणी सुरू होते. नोंदणीचं प्रमाणपत्र, टोपी, हातमोजे बघतात, कधी एखादा नमुना बाटलीत भरून नेतात. गाडीवर पाणी किती आहे आणि ते आलं कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारून करणार तरी काय? तपासणी तुमच्या खात्याची, नळ महापालिकेचा.

दिवसाला दीडशे प्लेट जाणारी मिसळीची गाडी घ्या. ताटली, वाटी, चमचा मिळून अर्धा लिटर पाणी, तेही हात राखून, म्हणजे पंचाहत्तर लिटर. गिऱ्हाइकाला एकेक ग्लास प्यायला, ते पस्तीस-चाळीस. कोथिंबीर धुणं, हात धुणं, फडकी पिळणं धरलं तर दीडशेच्या खाली हिशेब येत नाही. प्रत्यक्षात गाडीखाली असतात वीस लिटरचे दोन-तीन जार आणि एक बादली. सकाळी आठला बादलीतलं पाणी इतकं स्वच्छ असतं की तळ दिसतो. अकरापर्यंत वर तर्रीचा लाल तवंग धरतो, साबणाला फेस येत नाही आणि प्लेट बुडवून काढली की तो तवंग तिच्यावर परत बसतो. मग फडकं. त्याच फडक्याने प्लेट, फळी आणि हात. आमच्या मते गाडीवरची सगळ्यात घाण वस्तू तेच. काही जण यावर तोडगा म्हणून प्लेटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. धुवायची कटकट जाते, पण गरम रस्सा पिशवीत आणि पिशवी गटारात.

धुण्याची पद्धत अवघड नाही. तीन बादल्या लागतात: पहिलीत साबण, दुसरीत साधं पाणी, तिसरीत क्लोरीनचं. दहा लिटर पाण्याला पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) दहा मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर दीड-दोन ग्रॅम पुरते. ती आधी मगभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी घ्यायची. भांडं मिनिट-दोन मिनिटं बुडवून जाळीवर निथळत ठेवायचं, पुसायचं नाही. फसतं ते दोन ठिकाणी. टीसीएलची गोणी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो, हातात नुसता चुना उरतो. आणि खरकटी, तेलकट प्लेट थेट तिसऱ्या बादलीत गेली की सगळा क्लोरीन त्या तेला-खरकट्यातच खर्ची पडतो. म्हणून पहिल्या दोन बादल्या पुन्हापुन्हा बदलाव्या लागतात. बदलायला नळ लागतो आणि ओतायला निचरा लागतो. दोन्ही नसतील तर आम्ही गाडीवाल्यांना देतो ते हे प्रशिक्षण कागदावरच राहणार.

पाणीपुरीचं याहून नाजूक. वडा तळला जातो, रस्सा उकळतो. पुरीतलं पाणी मात्र कुठेच तापत नाही. चिंचेच्या आंबटपणावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. पुदिन्याच्या देठाला माती असते, तो पाणी बदलून तीनदा धुवायला हवा. मनगटापर्यंत हात मडक्यात घालण्याऐवजी खाली तोटी असलेलं स्टीलचं पिंप ठेवलं की निम्मं काम झालं. बर्फाबद्दल 2018 मध्ये नियम आला: खाण्याचा नसलेला बर्फ निळा हवा. नियम चांगला आहे, पण खाण्याचा पांढरा बर्फही गोणपाटात गुंडाळून फुटपाथवर फोडला तर रंग काय कामाचा? बर्फ पाण्यात टाकूच नये. मोठ्या घमेल्यात बर्फ आणि त्यात पिंप.

आता तेल. ज्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की वाढतात ते) 25 टक्क्यांवर गेले ते वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. वड्याच्या गाडीवर हे मोजणार कोण? नमुना प्रयोगशाळेत गेला तर अहवालाला कायद्याने चौदा दिवस आहेत. तोवर ते तेल कधीच लोकांच्या पोटात गेलेलं असतं. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा मात्र पक्क्या आहेत. वडा सोडण्याआधीच धूर येतो. फेस काठापर्यंत चढतो आणि बसत नाही. झाऱ्यावरून तेल थेंबाऐवजी तारेसारखं सुटतं. वडा बाहेरून काळपट होतो, आतलं बेसन कच्चं राहतं. कारणं तीन: तळाशी जळत राहिलेला चुरा, पिठात सढळ हाताने घातलेला सोडा (तेलात त्याचा साबण होतो, फेस त्याचाच), आणि घाण्यांच्या मधल्या वेळात मोठाच ठेवलेला गॅस. जुन्यात नवं ओतून काही सुधारत नाही, नवंही लवकर जातं. चुरा लोक पावात घालून मागतात तिथे मात्र कढई आपोआप साफ राहते. या बाबतीत गिऱ्हाईक आमच्यापेक्षा हुशार.

दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याने नोंद ठेवायची, वापरलेलं तेल बायोडिझेलवाल्यांना द्यायचं. गाडीवाल्याकडे रात्री उरतं दोन लिटर. दोन लिटरसाठी गाडी पाठवायला कोणी तयार नाही, मग ते उद्याच्या कढईत जातं किंवा त्याहून लहान गाडीवर स्वस्तात विकलं जातं.

वर्तमानपत्रात बांधून देण्याबद्दल जास्त लिहीत नाही. 2018 च्या पॅकेजिंग नियमांत बंदी आहे, ती योग्यच आहे. कोरा कागद स्वस्त करा, रद्दी आपोआप सुटेल.

पथविक्रेता कायदा 2014 चा. फेरीवाला क्षेत्रातल्या नागरी सुविधांसाठी विक्रेत्याने देखभाल शुल्क द्यावं, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे सुविधा असणार हे कायद्याने गृहीतच धरलंय. तेव्हा महापालिका ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या नगरविकास खात्याबरोबर बसून एक अट घालून घ्या: दहा गाड्यांमागे एक नळ, तेल अडवणाऱ्या टाकीसह निचरा आणि वापरलेल्या तेलाचं एक पिंप असल्याशिवाय खाद्यपदार्थांचं क्षेत्र आखायचं नाही. पिंपातलं तेल किलोच्या भावाने घ्या, दोन लिटरवालाही आणून देईल. आणि तुमच्या अधिकाऱ्यांच्या पिशवीत तेलातले पोलर घटक मोजायचं मीटर व पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टची बाटली द्या. पाण्यात दोन थेंब टाकले आणि पिवळं झालं नाही, तर क्लोरीन नाही. हे गाडीवाल्यासमोर तिथल्या तिथे कळतं, चौदा दिवस थांबावं लागत नाही. ज्या क्षेत्रात नळ पोहोचलाय तिथे त्यानंतर खुशाल दंड करा, आमची हरकत नाही.

आपले,
हातगाडीवरच्या खाण्याच्या धंद्यातले आणि तो शिकवणारे काही जण

प्रत : मा. मंत्री, नगरविकास. नळ त्यांच्याकडे आहे म्हणून.