भागीदारी म्हणायची, तर येणंजाणं दोन्ही बाजूंनी हवं

संपादक महोदय,

वैद्यकीय महाविद्यालयांच्या परदेशी भागीदाऱ्यांवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. जागतिक आरोग्य समतेसाठी श्रीमंत देशांतली विद्यापीठं गरीब देशांतल्या रुग्णालयांबरोबर काम करू लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण लेखात या कामाचं मोजमाप झालं ते किती देशांशी सामंजस्य करार झाले आणि किती विद्यार्थी बाहेर जाऊन आले, एवढ्यावरच. मी वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं आणि परदेशी पाहुणे विद्यार्थी वॉर्डात वावरताना जवळून पाहिले. या आकड्यांवरून समता किती साधली हे मुळीच कळत नाही. पैसा कोणाच्या हातात आहे आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे जातात का, हे आधी विचारायला हवं.

श्रीमंत देशातला विद्यार्थी महिनाभरासाठी येतो. मुलं बहुतेक वेळा गुणी असतात, मनापासून आलेली असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण राउंड चालू असताना निवासी डॉक्टर आधी पेशंटला त्याच्या भाषेत विचारतो, मग तेच पाहुण्यांना इंग्रजीत सांगतो, त्यांच्या शंकांना उत्तरं देतो, आणि तोवर ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असते. हा वेळ कोणाच्याही हिशेबात येत नाही. शिवाय जे काम करायची स्वतःच्या देशात अजून मुभा नाही, ते या विद्यार्थ्यांना इथे करायला मिळतं. गरीब देशातला विद्यार्थी तिकडे गेला, म्हणजे व्हिसाच्या फेऱ्यांतून पार पडलाच, तर त्याला बहुतेक ठिकाणी ‘ऑब्झर्वर’ म्हणून बाजूला उभं राहावं लागतं. पेशंटला हात लावायचा नाही! अशा विद्यार्थी-प्रशिक्षणासाठी 2010 साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. यजमान संस्थेवर पडणारा खरा खर्च ओळखावा आणि तो भरून द्यावा, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. किती करारांत त्यासाठी एक तरी कलम असतं?

हे जमू शकतं, याचं उदाहरण केनियात आहे. एल्डोरेटमधल्या मोई विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय उभं राहत होतं तेव्हापासून, 1989 पासून, अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ त्याच्या सोबतीला आहे. इंडियानाचे डॉक्टर तिथे महिन्याची फेरी मारून परतले नाहीत, बिऱ्हाड करून राहिले. केनियाचे विद्यार्थीही इंडियानात जाऊ लागले. पुढे एड्सची साथ आली. वॉर्डात रोज माणसं दगावत होती आणि औषधं आवाक्याबाहेर होती. त्याच महाविद्यालयाचा एक वैद्यकीय विद्यार्थी एड्सने अखेरच्या अवस्थेत तिथे दाखल झाला. त्याच्यासाठी कशीबशी औषधं मिळवली गेली आणि तो मुलगा वाचला. मग एकाला देता येतं ते बाकीच्यांना का नाही, या हट्टातून 2001 साली ‘अॅम्पाथ’ हा उपचार कार्यक्रम सुरू झाला. रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठी तिथे झालेल्या कामाचा ‘ओपनएमआरएस’ या मुक्त संगणक प्रणालीच्या जडणघडणीत मोठा वाटा आहे, आणि आज ती प्रणाली कितीतरी देशांत वापरली जाते. बारा वर्षं एकमेकांच्या शेजारी काम केलेलं होतं, म्हणून साथ आली तेव्हा हे झालं. तीन वर्षांच्या प्रकल्पातून हे झालं नसतं.

आता पैशाबद्दल. अशा प्रकल्पांचा निधी सहसा श्रीमंत विद्यापीठाच्या खात्यात जमा होतो. त्यातून त्यांचा प्रशासकीय खर्च, पगार, विमानप्रवास वजा होतो आणि उरेल ते यजमान देशात पोहोचतं. रवांडाने 2012 मध्ये ही वहिवाट उलटी केली. देशात तज्ज्ञ डॉक्टर, नर्स, दंतवैद्य घडवण्यासाठी अमेरिकी विद्यापीठांतले दरवर्षी शंभराच्या आसपास प्राध्यापक आणायचे ठरलं, पण पैसा रवांडा सरकारकडे आला आणि सरकारने विद्यापीठांशी थेट करार केले. प्रशासकीय खर्चापोटी विद्यापीठांनी 7 टक्क्यांवर समाधान मानायचं, अशी अट होती. आलेल्या प्राध्यापकाची स्थानिक सहकाऱ्याशी जोडी लावलेली असायची, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्याच्या हाती काम राहावं. या कार्यक्रमात सगळं सुरळीत झालं असं नाही. जोड्या सगळीकडे सारख्या जमल्या नाहीत, आणि अमेरिकी सरकारच्या एड्सविषयक योजनेतून येणारा निधी 2017 मध्ये, ठरलेला काळ पुरा व्हायच्या आधीच थांबला. दुसऱ्याच्या तिजोरीवर आखलेल्या कामाचा हा धोका कायमच राहणार. तरीही कोणत्या विषयाचे शिक्षक हवेत आणि किती, हे रवांडाने ठरवलं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

देणगीच्या यंत्रांची कथा तर प्रत्येक सरकारी रुग्णालयात सापडेल. 16 गरीब देशांतल्या 1 लाख 12 हजारांहून अधिक वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यांतली सुमारे 40 टक्के उपकरणं बंद पडलेली होती. आमच्याकडेही नवजात बाळांसाठी भेट आलेलं एक यंत्र होतं. हारतुरे झाले, फोटो निघाले. त्याचा सेन्सर बिघडला तेव्हा तो मिळेना, माहितीपुस्तिका कोणाला वाचता न येणाऱ्या भाषेत, आणि दुरुस्ती शिकलेला एकही तंत्रज्ञ नाही. शेवटी त्यावर चादर टाकून ते कोपऱ्यात सरकवलं. त्याच करारात एका बायोमेडिकल तंत्रज्ञाचं प्रशिक्षण आणि पाच वर्षांचे सुटे भाग असते, तर त्या यंत्राने किती बाळं वाचवली असती, हा विचार अजून मला अस्वस्थ करतो.

संशोधनातही हेच. नमुने गोळा करायचे, घरोघर जाऊन माहिती भरायची ती स्थानिक मंडळींनी, आणि शोधनिबंधावर पहिलं आणि शेवटचं, म्हणजे मानाच्या जागांवरचं, नाव पाहुण्यांचं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकाने 2018 मध्ये संपादकीय लिहून अशा पॅराशूट संशोधनाला दार बंद करण्याची भाषा केली, ते बरं झालं.

एक गोष्ट आपल्या लेखात अजिबातच आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अहवालानुसार आफ्रिकेवर जगातल्या रोगभाराचा 24 टक्के वाटा होता आणि तिथे आरोग्य कर्मचारी होते जगाच्या 3 टक्के. अशा देशात प्रशिक्षण द्यायचं आणि तयार झालेला भूलतज्ज्ञ आपल्याच देशात नोकरीला घ्यायचा, याला काय म्हणावं? देश सोडून जाण्याचा हक्क प्रत्येक डॉक्टरला आहे, तो कोणी हिरावू नये. पण संघटनेने 2010 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी संहिता स्वीकारली आहे आणि टंचाई असलेल्या देशांतून सक्रिय भरती टाळा, असं ती सांगते. ती ऐच्छिक असल्यामुळे सरकारं तिच्याकडे काणाडोळा करतात. एखादं विद्यापीठ मात्र ती आपल्या करारात सहज घालू शकतं. आम्ही शिकवू, तुमचे लोक पळवणार नाही, एवढं लिहून द्यायला कोणाची आडकाठी आहे?

म्हणून आपल्याला विनंती, की यापुढे अशा कराराची बातमी देताना संबंधित महाविद्यालयाकडे कराराची प्रत मागावी. निधी कोणाच्या खात्यात जातो, दोन्हीकडून किती विद्यार्थी आले-गेले, संशोधनाचा विषय कोणी सुचवला, करार संपल्यावर नेमलेल्या माणसांचे पगार कोण देणार, हे छापावं. यजमान रुग्णालयातल्या नर्सशी आणि निवासी डॉक्टरशीही बोलावं. नुसत्या कुलगुरूंची मुलाखत पुरेशी नाही. महाविद्यालयांनीही हे करार आपणहून संकेतस्थळावर ठेवावेत, त्यात लपवण्यासारखं काही असायचं कारण नाही.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय शिक्षिका