केबलबद्दल, फोनवर राहून गेलेलं

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर मी जरा जोरात बोलले त्याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. बाबा तुम्ही "बघू" म्हणून फोन आईकडे दिलात तेव्हाच कळलं की तुम्हाला आवडलेलं नाही, तुमचं "बघू" म्हणजे विषय संपला. पण मला केबल बंद करा एवढंच सांगायचं नव्हतं, तिकडे कुकरच्या शिट्ट्या इकडे माझी मीटिंग, सगळं अर्धवटच राहिलं, म्हणून आता बसून लिहितेय. आई, तू चष्मा लावून स्वतः वाच हं, बाबांना मोठ्याने वाचायला लावू नकोस, कारण यातलं निम्मं तुझ्यासाठी आहे.

दिवाळीत आठ दिवस होते ना, तेव्हा मी बघत होते तुम्ही दिवसभरात काय काय लावता. सकाळी सह्याद्री, दुपारी आईचा डोळा लागेपर्यंत एखादा जुना सिनेमा, सातला बातम्या, आठ ते साडेनऊ आईच्या तीन मालिका, आणि मॅच असली की बाबा. झालं. सहा नाहीतर सात चॅनल. आणि पॅकमध्ये अडीचशेच्या वर आहेत, त्यात तेलुगू आहेत, बंगाली आहेत, कार्टूनची आहेत, आपल्याकडे आता कार्टून बघणारं कोणी नाही. तीन वर्षांत ३०० चं बिल ४५० झालं, म्हणजे वर्षाचे ५४०० रुपये. बाबा तुम्ही प्रेसमध्ये असताना घरात वीज किती जळते त्याची वही ठेवायचात, पंखा उगाच चालू राहिला तर ओरडायचात, आणि या ५४०० मधले किती खरंच वापरले जातात हे तुम्ही कधी मांडून बघितलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

तुम्ही म्हणालात मग चॅनल कमी करून घेऊ. ते करता येतं, १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचा, तसा नियमच आहे, हवे तेवढेच चॅनल सुटे निवडायचे आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. आठवतंय का, तेव्हा केबलवाले काका एक छापील यादी देऊन गेले होते टिक करायला, ती फ्रिजवर पडून राहिली आणि त्यांनी जे तयार पॅक लावलं तेच आजपर्यंत चालू आहे. पण सुटे चॅनल घेतले तरी नुसत्या कनेक्शनचे पैसे वेगळे लागतातच. तेव्हा ते महिन्याला जास्तीत जास्त १३० होते, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढून टाकली, आता ऑपरेटर ठरवेल ते. म्हणजे चॅनल कमी करून थोडा फरक पडेल, फार नाही.

आणि अँटेनाचं तुम्ही बोललात ते मी हसण्यावारी नेलं त्याबद्दल सॉरी, तुमचा मुद्दा बरोबर होता की दूरदर्शनला पैसे लागत नाहीत. फक्त गच्चीवरच्या त्या जुन्या काड्यांच्या अँटेनावर आता काही येणार नाही, दूरदर्शनने त्यांचे जवळपास सगळे जुने ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद केले. आता फुकट दूरदर्शन येतं ते उपग्रहावरून, डीडी फ्री डिश. हे डिसेंबर २००४ पासून आहे, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री, म्हणजे डिश, आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, बसवणाऱ्याचे धरून साधारण २००० रुपये, आणि त्यानंतर महिन्याला काहीच नाही, रिचार्ज नाही, कार्ड नाही, कोणी वसुलीला येत नाही. मी बसवणाऱ्याशी बोलले, तो म्हणाला बॉक्स नव्या पद्धतीचा, एमपेग-४ चाच घ्या, जुन्या एमपेग-२ वर कमी चॅनल दिसतात. छत्री आग्नेयेकडे तोंड करून लावायची कारण उपग्रह तिकडे आहे, आणि आपल्या गच्चीला त्या बाजूला पाण्याची टाकी येत नाही हे मी दिवाळीत दिवे लावताना बघून ठेवलंय.

बाबा, आता तुमच्या मॅचचं. तुम्ही कितीतरी वेळा चिडून सांगितलंय की पेपरात डीडी स्पोर्ट्सवर मॅच आहे असं छापलेलं असतं आणि आपल्या केबलवर तेच चॅनल लावलं की तिथे भलतंच काहीतरी चालू असतं. त्यात आपल्या टीव्हीचा किंवा तुमचा काही दोष नाही. २००७ चा कायदा आहे, की देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या मॅचेस ज्याने हक्क घेतलेत त्याने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेलाही द्यायच्या, भारताच्या पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते चित्र दूरदर्शनने स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि स्वतःच्या फ्री डिशवरच दाखवायचं, केबल आणि खासगी डीटीएचवर नाही. म्हणून केबलचे पैसे भरूनही तुम्हाला ते दिसत नव्हतं आणि ज्याने एकदा छत्री लावली त्याला फुकट दिसत होतं. आयपीएल यात येत नाही हे मात्र आत्ताच सांगून ठेवते, ती अ‍ॅपवर बघायची.

आणि आई, तुझ्या मालिका फ्री डिशवर नाहीत. हे मी रविवारी बोललेच नाही आणि तुला वाटलं असणार की माझ्या मालिका गेल्याच. स्टार प्रवाह, झी मराठी यांच्या सध्याच्या मालिका त्यावर येत नाहीत. खासगी मराठी चॅनल काही असतात, पण ते प्रसार भारतीच्या लिलावात जागा घेतात, आज असतील उद्या नसतील, त्यांच्या भरवशावर बसू नकोस. तुझ्या मालिका नेटवरून. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, झी मराठीचं झी फाइव्हवर, सोनी मराठीचं सोनी लिव्हवर. तुझ्या तीनपैकी दोन एकाच ठिकाणी आहेत, म्हणजे दोनच अ‍ॅप पुरतील. मी केबल सोडली तेव्हा पहिल्या महिन्यात उत्साहात चार घेतले होते आणि दोनच बघितले, ते पैसे गेले. दोन्हीचं वर्षाचं मिळून २००० च्या आसपास धर, भाव सारखे बदलतात, घेताना बघू. टीव्ही दोन वर्षांपूर्वी घेतला तो स्मार्टच आहे, वायफाय घरात आहे, त्यामुळे वेगळं काही आणायचं नाही. वायफाय नसतं आणि फक्त टीव्हीसाठी नेट घ्यायचं असतं तर मी हा विषयच काढला नसता, त्यात केबलपेक्षा जास्त गेले असते.

पहिल्या वर्षी छत्रीचे धरून ४००० च्या आसपास जातील, पुढच्या वर्षीपासून २०००. पैशाचं एवढंच.

आता जे मला रविवारी सुचलं नाही आणि नंतर रात्री झोपताना आठवत राहिलं ते लिहिते. एक म्हणजे केबलवाले काका. ते दर महिन्याला येतात, दारात उभं राहून पावती फाडत नाहीत, आत येऊन बसतात, आई पाणी देते, मग चहा, बाबांशी बिल्डिंगच्या पाण्याबद्दल बोलतात. लॉकडाउनमध्ये बाबांच्या बीपीच्या गोळ्या त्यांनीच जेलरोडच्या मेडिकलमधून आणून दिल्या होत्या, आणि मी पुण्यात अडकून पडले होते, हे मी विसरलेले नाही. मी फोनवर "बंद करा त्यांना" असं म्हणाले ते शब्द चुकले माझे. पण बघा, वायफायसुद्धा त्यांचंच आहे, २०२० पासून. ते चालूच ठेवायचं, उलट थोडा मोठा प्लॅन त्यांच्याकडूनच घेऊ, कारण टीव्ही एक तास चांगल्या क्वालिटीत बघितला की दोन-तीन जीबी सहज जातात. ते येत राहतील, चहा होत राहील. सांगायचं कसं याचा संकोच असेल तर मी आले की मीच बोलते, त्यांना हे नवीन नाही, त्यांची निम्मी घरं केबल सोडून नेटवर आलीत असं तेच मला जिन्यात म्हणाले होते.

दुसरं म्हणजे पावसाळा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बाबा तुम्ही केबलचं लोकल चॅनल लावून बसता, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि मला पुण्यात फोन करून सांगता. ते चॅनल ना फ्री डिशवर येणार ना मालिकांच्या अ‍ॅपवर. याला पर्याय आहे, लोकल बातम्यावाले हल्ली यूट्यूबवर लाइव्ह करतात, रामकुंडावरून थेट दाखवतात, ते टीव्हीवरच मोठं लावता येतं, पण शोधून लावावं लागतं, केबलसारखं त्या नंबरवर असतंच असं नाही. ही गैरसोय आहे, मी नाही म्हणत नाही. आणि मुसळधार पावसात छत्रीचं चित्र तुटतं, ढग दाट झाले की सिग्नल नीट पोचत नाही, दहा-पंधरा मिनिटांत परत येतं. तेव्हा खाली जाऊन कुणाला हाक मारू नका आणि बाबा तुम्ही ओल्या गच्चीवर चढून छत्री हलवू तर अजिबात नका. माझ्याकडे उलट होतं, मागे रस्ता खोदला आणि नेटची वायर तुटली तेव्हा दोन दिवस नेट नव्हतं, घर एकदम मुकं झालं. तुमच्याकडे दोन्ही असलं की एक पडलं तर दुसरं चालेल. राउटर तेवढा इन्व्हर्टरवर घ्यायला हवा, ते मी आले की करते.

आणि मॅच अ‍ॅपवर बघाल तेव्हा ती जवळपास अर्धा मिनिट मागे असते. शेजारून ओरडा आधी ऐकू येईल आणि विकेट तुम्हाला नंतर दिसेल. म्हणून भारताची वनडे आणि टी-ट्वेंटी छत्रीवरच बघा.

पण खरं सांगू का, मला हे सगळं करावंसं वाटलं त्याचं कारण बिल नाहीच. दिवाळीत पाडव्याच्या रात्री मी बाहेर आले तर हॉलमध्ये टीव्ही बंद, बाबा आतल्या खोलीत फोनवर कुठल्यातरी चर्चा ऐकत होते आणि आई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्या एवढ्याशा फोनवर राहिलेला एपिसोड बघत होती, मान वाकवून, मानेला पट्टा आहे तिच्या. मला ते बघवलं नाही. तुम्ही दोघं आयुष्यभर एका सोफ्यावर बसून बघत आलात, बाबांना मालिका आवडत नाहीत तरी कोणाचं लग्न कुठे अडलंय हे त्यांना आईपेक्षा जास्त माहीत असतं. पाहुणे होते म्हणून एपिसोड चुकला, केबलवर तो परत कधी लागणार माहीत नाही, म्हणून आई फोनकडे वळली, एवढी साधी गोष्ट. तोच एपिसोड मोठ्या टीव्हीवर, हॉलमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर दोघांनी बघता आला असता. म्हणून अ‍ॅप टीव्हीवर घ्यायचेत. फोनवर मी मुद्दाम टाकून देणार नाहीये, आई रुसलीस तरी चालेल.

आई तू म्हणालीस आठला लागते म्हणून मी सातला पोळ्या उरकते, कधीही बघता आली तर मी कशाला उठू. ते मला पटलं, खूप पटलं. माझ्याकडे तसंच झालंय, वेळेचं बंधन नाही म्हटल्यावर एक संपला की दुसरा भाग आपोआप सुरू होतो आणि एक वाजतो. म्हणून ते आपोआप सुरू होणं मी बंद करून देणार आहे, आणि तू आठलाच बघ, आठला जे चालू असतं ते अ‍ॅपवर लाइव्हसुद्धा दिसतं. पोळ्या सातलाच होऊ देत.

रिमोटची भीती मला कळते. २०१३ मध्ये ३१ मार्चच्या मुदतीला नाशकात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हाही दोन रिमोट कशाला म्हणून आठवडाभर घरात वाद चालला होता, मग बाबांनी एकाला पांढरी पट्टी लावली आणि सुरळीत झालं. आताही छत्रीच्या रिमोटला पट्टी लावू, टीव्हीच्या रिमोटवर माइकचं बटण आहे ते दाबून मालिकेचं नाव मराठीत बोललं की ती समोर येते, टाइप करायचं नाही. मी हे तुमच्या हातून चार-पाच वेळा करून घेईन, मी करून दाखवणार नाही, कारण मी भराभर करते आणि तुम्ही "हो हो" म्हणता आणि मी गेल्यावर टीव्ही बंद राहतो, मागच्या वेळी तेच झालं.

एक मात्र अगदी कडक सांगते. कोणाचाही फोन आला की तुमचं सबस्क्रिप्शन संपलंय, ओटीपी सांगा, लिंकवर दहा रुपये भरा, तर फोन ठेवायचा. टीव्हीच्या स्क्रीनवर कधी आकडे येतात कोड म्हणून, ते सुद्धा कोणाला वाचून दाखवायचे नाहीत. वर्षाचे पैसे माझ्या खात्यातून जातील, तुमच्या खात्याला हात लागणार नाही. बाबा, तुम्हाला मी भरलेलं आवडणार नाही हे माहितीये, म्हणून छत्रीचे पैसे तुम्ही द्या, मी हट्ट करणार नाही.

आणि केबल लगेच बंद करायचीच नाही. एक महिना तिन्ही चालू ठेवू, केबलचा बॉक्स आहे तिथेच राहू दे, ४५० रुपये गेले तर गेले. महिन्याभराने तुम्ही दोघांनी मला सांगा किती वेळा तो बॉक्स लावावा लागला. नाही जमलं तर केबल ठेवायची, मी एक अक्षर बोलणार नाही, फक्त तेव्हा ती चॅनलची यादी आणून बसून टिक करू, तेलुगूचे पैसे नको.

मी येत्या शनिवारी येतेय, बसवणारा अकरा वाजता यायचाय. गच्चीची किल्ली तळमजल्यावरच्या काकूंकडे असते ना, ती शुक्रवारीच आणून ठेवा, मागच्या वेळी त्या देवळात गेल्या होत्या आणि तासभर थांबायला लागलं. आई, आग्नेयेकडच्या कठड्यापाशी तुझ्या मिरच्या वाळत असतील तर त्या तेवढ्या पलीकडे सरकव. नाश्त्याचं काही करू नकोस, मी सिन्नरला खाऊन घेईन, शिंदेचा टोल ओलांडला की फोन करते.

तुमची
मनू